अठराचा माणूस साडेबावीसला पडतो : दादरच्या पगार-पीएफवाल्या ऑफिसचा अनुभव

चार स्टार. दीड वर्षं यांच्याकडे काम देऊन झालं, म्हणून आता लिहितेय, नाहीतर पहिल्याच महिन्यात पाच देऊन मोकळी झाले असते.

आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं काम. दुकान दादरला, वर्कशॉप लोअर परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. सासऱ्यांनी सुरू केलेलं, ते घरी बसले तेव्हापासून मी बघते. शिवणारे, ओव्हरलॉकवाले, काजबटण, इस्त्री, हेल्पर, काउंटरवरच्या मुली आणि कटिंग मास्तर धरून सगळी मिळून २३ माणसं. या ऑफिसकडे आमचं दर महिन्याचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी (म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), प्रोफेशनल टॅक्स आणि कामगार कल्याण निधी असं सगळं आहे. फी माणशी १३० रुपये, पण कमीत कमी ३,०००, वर जीएसटी, म्हणजे मला महिन्याला ३,५४० पडतात. यापेक्षा स्वस्तात करणारे आहेत, मी आधी तसल्याकडेच होते.

तर ते आधीचे. नाव घेत नाही, घेऊन काय मिळणार. माणूस गोड होता, दिवाळीला मिठाई पाठवायचा, पण पीएफचं चलन १५ तारखेच्या आत भरायचं असतं ही गोष्ट त्याला कधी मनापासून पटली नाही. कधी १८, कधी २१. मी पैसे ठेवायचे अकाउंटला, ओटीपी द्यायचे, मला वाटायचं भरले. मग एका वर्षी आमच्या सीएने सांगितलं की माणसांच्या पगारातून जो पीएफ कापलास आणि उशिरा भरलास तो तुझ्याच इन्कममध्ये धरला जाणार, त्यावर टॅक्स तू भर, आणि पुढच्या वर्षी वजावट वगैरे काही मिळणार नाही, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर शिक्कामोर्तब केलंय. शिवाय उशिराचं १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. तेव्हा चार दिवसांच्या उशिराने एवढं व्हायचं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पण खरा झटका त्याचा नव्हता. आमचे जुने मास्तर, सासऱ्यांच्या वेळचे, २२ वर्षं झाली होती त्यांना, गावी जायचं म्हणाले. मला अजून वहिनी म्हणतात. मी म्हटलं छानपैकी निरोप देऊ, शाल-श्रीफळ, वर काहीतरी पाकीट. ते खाली बघत हळूच म्हणाले, वहिनी, ग्रॅच्युइटीचं पण बघा जरा. म्हणजे पाच वर्षांच्या वर नोकरी केलेल्याला सोडताना मालकाने द्यायची रक्कम. शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १६,०००, त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, गुणिले २२. दोन लाख तीन हजार सत्त्याहत्तर. मे महिना, कापडवाल्यांचे पैसे द्यायचे, शाळांकडून एक रुपया आलेला नाही आणि हे दोन लाख. दिले, हक्काचे होते त्यांचे, ३० दिवसांत द्यावे लागतात ते पण तेव्हाच कळलं. पण २२ वर्षांत दर महिन्याला बाजूला टाकायला पाहिजे होते ते कोणीच टाकले नव्हते, ना सासऱ्यांनी, ना मी, आणि त्या गोड माणसाने कधी विषयही काढला नव्हता.

म्हणून शोधत शोधत यांच्याकडे आले. दादर पश्चिमेला, फुलमार्केटच्या बाजूने आत, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात सकाळीसुद्धा अंधार. आत एक वयस्कर काका बसतात, त्यांची मुलगी आणि तीन-चार पोरं कॉम्प्युटरवर. मला वाटलं आता हे लॅपटॉप उघडून प्रेझेंटेशन दाखवतील. काकांनी फूटपट्टी काढली, कोऱ्या कागदावर मधोमध पेन्सिलने उभी रेघ मारली आणि म्हणाले, ताई, तुमच्याकडचा एक माणूस सांगा, कितीला ठेवलाय. मी म्हटलं नवीन मुलगा आहे मशीनवर, अठराला. म्हणाले, तो अठराला नाहीये, बघू कितीला पडतो ते.

आता हा हिशोब नीट लिहिते कारण याच्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

पगार १८,०००, त्यात बेसिक आणि डीए १५,०००, घरभाडं ३,०००. रेघेच्या उजवीकडे माझ्या खिशातून जाणारं. पीएफमध्ये मालकाचे १२ टक्के, घरभाडं सोडून १५,००० वर, म्हणजे १,८००. त्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि ५५० त्याच्या पीएफला. मला इतकी वर्षं वाटायचं की सगळं पीएफलाच जातं. मग विम्याचे अर्धा टक्का ७५ आणि पीएफ ऑफिसच्या खर्चाचे अर्धा टक्का ७५, झाले १,९५०. ईएसआयसी ३.२५ टक्के, पण हे तेव्हा घरभाड्यासकट पूर्ण १८,००० वर होतं, ५८५. बोनस, आम्ही दिवाळीला बेसिक-डीएचा एक पगार देतो, म्हणजे कायद्यातले कमीत कमीचे ८.३३ टक्के झाले, महिन्याला १,२५०. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, ७२१. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरला मालकाचे ७५-७५, महिन्याचे साडेबारा रुपये, काकांनी ते साडेबारा पण लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. २२,५१९.

मग डावी बाजू. त्याच १८,००० मधून त्याचा पीएफ १,८००, ईएसआयसी पाऊण टक्का १३५, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १५,८६५.

मी त्या कागदाकडे बघतच बसले, कारण हाच मुलगा गेल्या महिन्यात माझ्यासमोर तोंड पाडून उभा होता, मॅडम अठरा बोलला होता, पंधरा आठशेच आले. आणि मी मनात म्हणत होते अरे बाबा मी इथे किती भरतेय. त्याला वाटतंय मी त्याचे दोन हजार खाल्ले आणि मला वाटतंय हा मला लुटतोय, आणि मधले ६,६५४ रुपये दोघांपैकी कोणीच डोळ्याने बघितलेले नाहीत. त्यातले बरेचसे त्याचेच आहेत खरं तर, पीएफमध्ये, पेन्शनमध्ये, दिवाळीत, पण पंचवीस वर्षांच्या पोराला सांगा पेन्शन.

काकांनी मग खाली पेन्सिलने बारीक अक्षरात अजून एक ओळ लिहिली, पगारी रजा. २० दिवस काम केलं की एक रजा, वर्षाच्या १५ धरा, नाही घेतल्या आणि पैसे मागितले तर १८,००० भागिले २६, दिवसाचे ६९२, झाले १०,३८५. ही बेरजेत घेतली नाही, म्हणाले तुमच्याकडे खाडेच इतके असतील की रजा शिल्लक राहणार नाहीत. हजेरीचं रजिस्टर बघण्याआधीच बोलले हे. बरोबर होतं.

घरी येऊन मी काय केलं, तर एका शाळेला दिलेलं कोटेशन काढलं. हाफ शर्ट, १,२०० नग. एक माणूस दिवसाला १५ शर्ट शिवतो, २६ दिवसांचे ३९०. मी शिवणाई धरली होती १८,००० भागिले ३९०, म्हणजे ४६ रुपये. खरी पडते ५७ रुपये ७४ पैसे. नगामागे साडेअकरा रुपये मी स्वतःच्या पदरचे घालत होते, १,२०० नगांचे चौदा हजाराच्या आसपास, आणि वर शाळेच्या क्लार्कला अजून दोन रुपये कमी करून दिले होते. दरवर्षी जुलैमध्ये आम्ही म्हणायचो सीझन तर जोरात झाला, पैसे गेले कुठे. हे घ्या. इथे गेले.

या एका कागदासाठी मी यांना पाच स्टार द्यायला तयार होते.

दुसरी गोष्ट म्हणजे हे लोक वाकडं शिकवत नाहीत. आमच्या इस्टेटमध्ये एक ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे कायम १९ माणसं. कितीही काम असू दे, कागदावर १९. आपण बोलताना म्हणतो ना एकोणीस-वीसचा फरक, काही विशेष नाही, तर पीएफमध्ये एकोणीस आणि वीस यांच्यातच सगळा फरक आहे, विसावा माणूस आला की पीएफ लागू, आणि एकदा लागू झाला की नंतर माणसं बारा राहिली तरी सुटका नाही. ईएसआयसी तर दहावरच लागू होतो. मी गंमत म्हणून काकांना विचारलं की आमच्यातले चार-पाच पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे घेणारे, दाखवले तर? चष्म्यावरून बघून म्हणाले, ताई, पीस रेटवाला पण माणूसच मोजतात, आणि ठेकेदाराचा म्हणून दाखवलात तरी त्याने पीएफ भरला नाही की पीएफवाले तुमच्या दारात येतात. विषय संपला. आधीच्या गोड माणसाने हेच मला जुगाड म्हणून सुचवलं होतं, आणि बेसिक ७,००० ठेवून बाकी सगळं स्पेशल अलाउन्समध्ये टाका हे पण. त्यावर फेब्रुवारी २०१९ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की सगळ्यांना सरसकट मिळणारे अलाउन्स पीएफसाठी बेसिकच.

कटिंग मास्तरांचा किस्सा सांगते, तिथे यांची खरी किंमत कळली. मास्तरांना २०,५०० होते, मला २२,००० करायचे होते, एप्रिलपासून, वर्षाचा हिशोब सोपा पडतो म्हणून. काकांची मुलगी म्हणाली, थांबा, त्यांच्या घरी कोणाचं ईएसआयसीत चालू आहे का? होतं, आईचं. म्हणाली मग एप्रिल नको, मे करा. कारण ईएसआयसीची हद्द २१,००० आहे आणि त्यांचे सहा-सहा महिन्यांचे दोन भाग असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भागाच्या सुरुवातीलाच पगार हद्दीच्या वर असेल तर माणूस एप्रिलपासूनच बाहेर आणि उपचार मिळणार डिसेंबरपर्यंत. पण एप्रिलमध्ये २०,५०० आणि मेपासून २२,००० केले तर सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि त्या वर्गणीवर उपचार पुढच्या जूनपर्यंत. एक महिना वाढ पुढे ढकलली, आईला सहा महिने जास्त मिळाले. मला ७१५ रुपये महिना अजून पाच महिने भरावे लागले, त्या आईंचं वय धरून मेडिक्लेमचं जे कोटेशन आलं त्यापुढे ७१५ म्हणजे काहीच नाही. मास्तरांना एप्रिलचा फरक मी दिवाळीत वेगळा भरून काढला, ते काकांना सांगितलेलं नाही, इथे वाचलं तर वाचलं.

सीझनचं पण तिनेच समजावलं. मे-जूनमध्ये आमच्याकडे रात्री नऊपर्यंत मशीन चालतात, ओव्हरटाइम डबल. तर ओव्हरटाइममुळे कोणाचे २१,००० च्या वर गेले तरी तो ईएसआयसीतून बाहेर जात नाही, हद्द बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत, पण वर्गणी मात्र तेव्हा, नवीन कामगार कायद्यांच्या आधी, ओव्हरटाइमच्या पैशांवर पण भरावी लागायची. पीएफ ओव्हरटाइमवर नाही. मी याआधी नेमकं उलटं करत होते, दोन्हीकडे.

काउंटरवरच्या मुलींवरून एकदा वर्कशॉपमध्ये तमाशा झाला. पगार तोच १८,०००, कापाकापी तीच, पण तिच्या हातात १६,०६५ आणि त्या मुलाच्या १५,८६५. पोरं म्हणाली वहिनींनी मुलींना दोनशे वाढवले. अरे नाही रे, महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या बायकांना प्रोफेशनल टॅक्स नाही, तेवढंच. तसा तो टॅक्स माझ्या खिशातून जातच नाही, मी फक्त कापून भरते, पण बोलणी मात्र माझ्या वाट्याला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ते चार लेबर कोड, म्हणजे नवीन कामगार कायदे, २१ तारखेपासून लागू झाले तेव्हा तर व्हॉट्सॲपवर नुसता पाऊस, पगार कमी होणार, मालक बुडणार, काय काय. मी घाबरून फोन केला. म्हणाले या, चहा घ्या. आमच्या दुकानाच्या मॅनेजरचा जुना पगार, तो गोड माणूस बनवून गेलेला, एकूण २४,००० आणि बेसिक फक्त ९,०००. पगाराच्या नवीन व्याख्येत घरभाडं-प्रवास वगैरे बाजूला काढायच्या रकमा एकूणच्या निम्म्यापेक्षा जास्त धरता येत नाहीत. इथे १५,००० बाहेर आहेत, निम्मे म्हणजे १२,०००, वरचे ३,००० परत आत येणार, म्हणजे ग्रॅच्युइटी आता ९,००० वर नाही, १२,००० वर मोजायची. ज्यांचे १५ अधिक ३ आहेत त्यांच्या ग्रॅच्युइटीत काहीच फरक नाही. तीन मिनिटांत सांगून झालं. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला आता पाच नाही तर एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागते हे पण सांगितलं, आमची सीझनची माणसं चार महिन्यांची असतात म्हणून आम्हाला नाही लागू.

आणि उगाच गाजर पण दाखवत नाहीत. केंद्राची ती विकसित भारत रोजगार योजना आहे, ऑगस्ट २०२५ पासून नवीन माणसं घेणाऱ्या मालकाला माणशी महिन्याला ३,००० पर्यंत मिळतात. मी उड्या मारत गेले. म्हणाले तुमच्यासारख्या ५० च्या आतल्यांना किमान दोन माणसं वाढवावी लागतात, तुम्ही एकच घेतलाय, नाही बसत. फॉर्म भरून फी लावता आली असती, नाही लावली.

आता एक स्टार कशाचा कापला. एक, फोन. दुपारी एक ते अडीच दार बंद, फोन बंद, आणि जेवण झाल्यावरसुद्धा उचलतील याची खात्री नाही. त्याऐवजी व्हॉइस नोट येते, चार-चार मिनिटांची, मागे दादर स्टेशनच्या बाजूचे हॉर्न, मला नेमका आकडा ऐकायला तीनदा मागे जावं लागतं. दोन, आधार आणि पीएफमधलं नाव जुळत नाही अशा माझ्या दोन माणसांचं काम यांनी दोन महिने लोळवलं आणि झाल्यावर माणशी ३०० रुपये वेगळे लावले, जे सुरुवातीला बोलले नव्हते. भांडले, एकाचे सोडले. तीन, १० तारखेपर्यंत हजेरी द्या म्हणून माझ्या मागे लागतात ते बरोबर, पण तपासायचा कागद मला देतात १४ ला संध्याकाळी, तेव्हा मी ट्रेनमध्ये लटकलेली असते, तिथे २३ माणसांचे आकडे काय तपासू.

आणि चौथं म्हणजे पगाराची स्लिप अजून इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. दोनदा सांगितलं मराठीत द्या, हो ताई करू म्हणतात. शेवटी मीच काकांचा तो पेन्सिलवाला कागद मोठ्या अक्षरात मराठीत उतरवला, मधे रेघ, डावीकडे हातात, उजवीकडे खिशातून, आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ भिंतीवर चिकटवला. दोन दिवस कोणी बघितलं पण नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो अठरावाला मुलगा कटिंग चहा हातात घेऊन त्याच्यासमोर उभा, बोटाने एकेक ओळ खाली जातोय, आणि ७२१ वर थांबला.

"मॅडम, हे ७२१ माझे आहेत ना? मग पाच वर्षं इथेच राहायला लागेल का मला?"

मास्तर कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.